चिवड्याचा डबा माळ्यावर

आई, तुझी युक्ती चोरीला गेली, हे सांगायला बसले आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहिते आहे तीही तक्रारच. पण राग आला की आधी तुलाच शोधायची सवय अजून गेलेली नाही, आणि या वेळचा राग असा आहे की तो घरात कुणाला सांगून समजायचा नाही.

बालीगंजच्या आपल्या क्वार्टरमधलं ते स्वयंपाकघर आठवतं का? बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये, तीन वर्षांच्या बदलीवर बंगालमध्ये आलेले आणि मग कधी परत न गेलेले. त्या स्वयंपाकघरात तू चिवड्याचा डबा माळ्यावर ठेवायचीस आणि चिरलेली काकडी, भिजवलेले शेंगदाणे, सोललेले पेरू टेबलावर, आमचा हात सहज जाईल असे. शाळेतून आल्यावर मी चिवडा मागते, तू पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणतेस, "खा की. कोण नाही म्हणतंय? शिडी गॅलरीत आहे." मनाई कशालाच नव्हती. फक्त शिडी आणावी लागायची, आणि ती आणेपर्यंत निम्मी काकडी पोटात गेलेली असायची. आम्हाला वाटायचं आम्हीच काकडी निवडली. तू एकदाही पौष्टिक हा शब्द उच्चारला नाहीस.

बाजारातही तुझं तसंच. बाबांच्या जुन्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या पँटची तू मला एक पिशवी शिवून दिली होतीस, आत चोरखिसा असलेली, आणि सांगितलं होतंस की पहिली फेरी रिकाम्या पिशवीने मारायची. काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं, आज कशाचे ढीग लागलेत. ज्याचा ढीग आहे ते इथलं, ताजं, दिवसाचं. जे चार नग मांडून ठेवलंय ते लांबून आलेलं. फेरी संपली की आपण स्टेशनबाहेर पोत्यावर बसणाऱ्या मावशीकडे थांबायचो. ती पहाटेच्या गाडीने दक्षिणेकडच्या गावातून लाल माठ, दुधी, केळफूल घेऊन यायची. तुझं बंगाली आणि तिचं हिंदी दोन्ही सारखंच लंगडं, पण तुमच्या गप्पा मात्र संपायच्या नाहीत. एकदा मी हट्टाने भर मे महिन्यात फ्लॉवर घेतला होता, कारण पांढराशुभ्र दिसत होता. तू ओरडली नाहीस. रस्सा केलास आणि फक्त माझ्या पानात वाढलास. सगळे ढिगातल्या पटोलची भाजी खात होते, मी फ्लॉवर. "कसा झालाय?" तू विचारलंस. मी म्हटलं, छान. तू म्हणालीस, "मग सगळा संपव." त्याला पाण्याचीसुद्धा चव नव्हती आई, पण मी संपवला.

आता ऐक. मी ज्या कंपनीत आहे तिथे लोक फोनवरून किराणा आणि भाजी मागवतात, आणि कुठली वस्तू वर दिसायची, कुठली खाली, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. लोक बाजारात येईनासे झाले म्हणून तू नाक मुरडशील, पण मला वाटलं की बाजारच फोनमध्ये आला असेल तर पहिली फेरीही फोनमध्ये नेता येईल. मी हिरवं पान काढलं, वस्तूच्या नावाशेजारी लावायची खूण. जी वस्तू जवळून आली, जिला महिनोन्महिने शीतगृहात ठेवावं लागलं नाही, जी प्लास्टिकात गुंडाळलेली नाही आणि जिच्यात साखर-तेलाचा मारा नाही, तिला पान. पान असेल ती वर, टेबलावर. बाकी सगळं आहेच, पण माळ्यावर, दोन-तीन वेळा बोट सरकवून. कुणी कोल्ड्रिंकची बाटली टोपलीत टाकली तर एकदाच विचारायचं, सरबताला गंधराज लिंबू बघता का? नाही म्हटलं तर गप्प बसायचं. मीटिंगमध्ये मी सगळ्यांना चिवड्याच्या डब्याची गोष्ट सांगितली. लोक हसले, आणि मग खरंच लोकांच्या टोपल्यांत लाल माठ जायला लागला. मावशी अजून आहे, केस पांढरे झालेत, पोतं तेच. तिला आणि तिच्या गावच्या बायकांना मीच कंपनीशी जोडून दिलं. मी तिला म्हटलं होतं, तुझी भाजी सगळ्यात वर दिसेल.

आमचा साहेब आपल्याकडचा आहे, पुण्याचा. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये मी फोनवर मराठीत बोलताना त्याने ऐकलं आणि म्हणाला, "अरे वा, ताई, तुम्ही आपल्या!" इथे असं कुणी भेटलं की आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. गणपतीत तो घरी जेवायला आला, अकरा मोदक खाल्ले, तुझ्या फोटोला नमस्कार केला. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, आणि इंग्रजीत बोललेलं प्रत्येक वाक्य आम्ही नंतर लिहून पक्कं करून घेतो, कारण कुणाचा कुणावर भरवसा नाही. त्याच्याशी मात्र मी मराठीत बोलायचे, आणि मराठीत बोललेलं पक्कंच असतं असं धरून चालले. "पानाला कुणी हात लावणार नाही, ताई. मी आहे ना." हे त्याने मला चहाच्या टपरीवर उभं राहून सांगितलं. मी कागदावर काही मागितलं नाही. मागणं वाईट दिसलं असतं.

दुर्गापूजेच्या सुमारास पान पाकिटांवर दिसायला लागलं. आधी कुठल्याशा सात धान्यांच्या बिस्किटांवर, ज्यात सातातलं सहावं धान्य साखर असावी. मग परदेशी किवीवर, मग फळांच्या रसाच्या डब्यांवर. ज्या कंपन्यांना पैसे मोजून वर जागा हवी होती त्यांना जागेसोबत पानही मिळत होतं. मी विचारायला गेले तर तो मराठीत नाही, इंग्रजीत बोलला, खोलीत आणखी दोघं होते म्हणून. त्या इंग्रजीचा सारांश एवढाच, की लोकांचा पानावर विश्वास बसला आहे आणि विश्वास हीच आपली सगळ्यात महागडी वस्तू आहे. तुझी गोष्टही त्याने उचलली होती. वरिष्ठांसमोर तो सांगत होता, "माझी आई चिवड्याचा डबा माळ्यावर ठेवायची." मी तिथेच बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा, हसून.

गेल्या आठवड्यात मावशीकडे गेले. ती जुड्या बांधत नव्हती, नुसती बसली होती. कंपनीने त्यांचा माल घेणं बंद केलंय, मागणी नाही म्हणून. मागणी कशी असेल, लाल माठ माळ्यावर गेला आणि शिडी कुणीच आणत नाही. तिच्या सुनेने फोनवर शोधून बघितलं म्हणे, अंगठा दुखेपर्यंत. मावशी ओरडली नाही. मला लहानपणी हाक मारायची तशीच मारली, "मामोनि, तुमि बोलेछिले शोबार ऊपोरे थाकबे." तू म्हणाली होतीस, सगळ्यात वर राहील. मी तिच्याकडून चार जुड्या घेतल्या आणि जवळजवळ पळत घरी आले.

तेव्हापासून मी तुझ्यावरही चिडले आहे. खरं तर ते जुनंच आहे. तू गेल्यावर क्वार्टर रिकामं करताना मीच माळ्यावर चढले होते. चिवड्याच्या डब्यामागे संदेश मिठाईची खोकी निघाली, रिकामी, नीट चपटी करून सुतळीने बांधलेली. साखर तुला आतून खात होती, डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमच्यासमोर तू चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायचीस. शिडी तुला बरोब्बर सापडायची. मी ती खोकी कुणाला दाखवली नाहीत, बाबांनाही नाही. पण तेव्हा मला फसवल्यासारखं झालं, आणि ते अजून होतं. आम्हाला काकडी आणि तुला संदेश. एकदा तरी मला खाली शिडी धरायला बोलवायचं होतंस. निदान माझ्यासमोर तरी खाल्लं असतंस.

हे पत्र मी त्या पांढऱ्या पिशवीच्या चोरखिशात ठेवणार आहे. दुसरा पत्ता नाही. पण ठेवण्याआधी एक सांगायचं राहिलंय, जे मी साहेबाला इतक्या शिव्या घालताना वर कुठेच लिहिलं नाही. पहिलं खोटं पान बिस्किटांवर नव्हतं. ते त्याआधीचं, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं. लोकांना बारा महिने फ्लॉवर हवा असतो, गारठवलेल्या ट्रकमधून लांबून आणलेला का असेना. साहेब माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "ताई, एवढा एकच. पान तुमच्या हातानेच लावा, म्हणजे कुणी विचारणार नाही." माझ्या बढतीची यादी त्याच आठवड्यात निघायची होती. मी लावलं. कुणी विचारलं नाही.

आज मावशीकडे जायचं धाडस झालं नाही. घरी बसून फोनवरूनच भाजी मागवली, आणि आई, मी पहिली फेरी मारली नाही. सगळ्यात वर जे दिसलं ते घेतलं. भर उन्हाळ्यात पांढराशुभ्र फ्लॉवर आला, शेजारी माझंच पान. तुझ्यासारखा रस्सा केला, फक्त माझ्या ताटात वाढून घेतला, आणि सगळा संपवला.