माजी अध्यक्ष म्हणू नये

३ मार्च, सोमवार
वाचनालयाची निवडणूक झाली. त्या दातांच्या डॉक्टरला चोपन्न मतं, मला अकरा. साफ घोळ! नऊ वर्षं अध्यक्ष आहे मी. मतपेटी रिक्षात घालून घरी आणली. पलंगाखाली सुरक्षित आहे.

४ मार्च, सकाळी ७
लेटरहेडवर माझ्या विजयाचं सर्टिफिकेट टाइप केलं. ग्रंथपालबाई सही करीनात. म्हणे, मतं त्यांनी स्वतः मोजलीत. शेवटी त्यांचीही सही मीच केली आणि शिक्का हाणला. बाईंचे श्रम वाचले.

६ मार्च
डॉक्टर पोलिसांत जायचं म्हणतोय. खोटी सही, पेटी पळवली, काय वाटेल ते. रविवारी सभेत ठरणार. खुशाल ठरवा! अध्यक्षाने खुर्चीत असताना केलेलं काम गुन्हा होत नसतं. कुठेतरी वाचलंय मी. बायको घाबरली आहे. या वयात दारात पोलीस आले तर काय करायचं, म्हणते. मी मुळीच घाबरलेलो नाही. जेवलो नाही ते भूक नव्हती म्हणून.

७ मार्च
वकील भाचा आला. म्हणाला, मामा, सगळं एकाच गोष्टीवर अडलंय. हरलोय हे माहीत असून केलं असेल तर अवघड आहे. खरोखर जिंकलोय असं वाटत असेल तर सुटाल. मी म्हटलं, अरे गाढवा, जिंकलोयच मी! तो मामीकडे बघून हसला. याला लेखी पुरावा हवा, म्हणाला.

८ मार्च
भाषण बत्तीस पानी झालंय. आरशासमोर पाच वेळा म्हणायचा संकल्प. जमला नाही, दाढ ठणकतेय. जवळपास दातांचा डॉक्टर एकच.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी
सभेत बोलायला उठलो, तर भाच्याने खांदा दाबून खाली बसवलं आणि पिशवीतून पुरावा काढला. ही वही! बायकोने दिली. रोज वाचते म्हणे. भाच्याने पहिल्या पानापासून खणखणीत आवाजात वाचली. आधी ग्रंथपालबाईंनी तोंडाला रुमाल लावला, मग सगळा हॉल हसायला लागला.

ठराव झाला: यांना खरंच जिंकल्यासारखं वाटत होतं, सबब तक्रार करू नये. एकमताने मंजूर. बायकोने डोळे पुसले.

डॉक्टरने माझा हात हातात घेतला. म्हणाला, काका, माफ करा, आम्ही तुम्हाला उगीच बदमाश समजत होतो.

फार लाज वाटली. बदमाशच समजले असते तर बरं झालं असतं.