किसनाजींची संत्री

वर्धा, रविवार, १७ जानेवारी १९५४

किसनाजी गेल्यानंतरची आज पहिली मॅच. कापसाच्या जिनिंग मिलमधला हा म्हातारा माणूस आमच्या कॉलेजची एकही फुटबॉल मॅच चुकवायचा नाही. हाफटाइमला ते कडुनिंबाखाली बसून संत्री सोलायचे, पण पहिल्या फोडी पाहुण्या टीमला. आम्ही चिडायचो. "किसनाजी, तुमी कोनाकडचे?"

"तुमच्याच कडचा हाय ना बाप्पा. पन घरी आलेल्याले आधी द्या लागते."

मग उरलेली संत्री आम्ही तोंड वाकडं करून खायचो. कशाला चिडत होतो, कोण जाणे.

आज हाफटाइमला सवयीनं सगळे त्याच कडुनिंबाखाली गेलो. तिथं नागपूरच्या टीमचा कॅप्टन टोपलीभर संत्री घेऊन आला. "दरसाल बाबाजीचीच संत्री खातो, म्हनून या वेळी त्यायच्यासाठी आनली. बाबाजी दिसून नाई राह्यले?"

गेल्या महिन्यात वारले, एवढंच मी बोललो. त्यानं हळूच विचारलं, "घर कुठं हाय त्यायचं? ही घरी देऊन येतो."

मी आमच्या पोरांकडे पाहिलं, पोरांनी माझ्याकडे. इतकी वर्षं त्यांची संत्री खाल्ली, आणि घर आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.