लाईट गेली तेव्हा मी क्लासला होते

शनिवार, संध्याकाळ

सदाशिव पेठेत गाण्याच्या क्लासला होते, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: लाईट गेली. आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, आणि एरवी खाली पळत जाऊन जनरेटर मीच सुरू करते. परवा जनरेटरला बसवलेलं ऑटोमॅटिक पॅनल खरंच चालेल? बाहेर येऊन फोन लावला.

"अगं, मशीन जरा ओरडलं, तोवर जनरेटर आपोआप सुरू!" आई म्हणाली. "लाईट आल्यावर बंदही झाला, आपला आपण. तू क्लास सोडून बाहेर काय करतेस?"

आत जाऊन गायले. बाईंनी विचारलं, "आज आवाज एवढा मोकळा कसा?"

"जनरेटरमुळे," म्हटलं. सगळे हसले. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत.