पोकलेन आणि अर्धा तास

शनिवार, १८ ऑगस्ट

प्रिय दादा,

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, सगळं रीतसर लिहिलंय असं समज. वहिनीच्या माहेरी आणखी किती दिवस तोंड फुगवून बसणार आहेस? जावयाचे लाड एव्हाना आटत आले असतील.

इकडे सगळं ठीक. खाणीच्या वरच्या अंगाला मी खणून घेतलेला चर एवढ्या मुसळधार पावसातही तसूभर ढासळला नाही. डोंगरावरचं स्वच्छ पाणी खाणीला वळसा घालून थेट ओढ्याला मिळालं. मातीच्या ढिगाऱ्यांवरचं गढूळ पाणी तेवढं गाळाच्या तळ्यात आलं. आराखडा मांडला तेव्हा "बाई कागदावर नद्या वाहवतात" म्हणून हसणारे मॅनेजर परवा पाहुण्यांना तोच चर दाखवत होते, जणू पहिलं फावडं त्यांनीच मारलं! मी गप्प बसले. म्हणजे, फार वेळ नाही.

खाणीतलं पाणी उपसून झालं. तुझी पोकलेन बाहेर काढली. मेकॅनिक म्हणतो, इंजिन गेलं. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं.

त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही. तळं खुणेपर्यंत भरलं की दार उघडून पाणी खाणीत सोडायचं. खाण बुडाली तरी चालेल, पण तळ्याचा बांध फुटून खालची वस्ती वाहून जाता कामा नये, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. बैठकीत तूही मान डोलावली होतीस. मी भोंगा वाजवला, माणसं वर येऊ लागली. तू वॉकीटॉकीवर म्हणालास, "अर्धा तास दे गं, पोकलेन वर घेतो." मी म्हटलं, "नाही. आहे तिथे टाक आणि वर ये." सगळ्यांना ऐकू जातील अशा शिव्या घालत तू चालत वर आलास. मग मी दार उघडलं. वस्तीत कोणाचा उंबरठासुद्धा भिजला नाही.

काल पोकलेन बुडाल्याच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी तुझा जबाब वाचून दाखवला. "वेळ नव्हता. बाईंनी केलं ते बरोबर." दादा, माझ्याशी बोलत नाहीस आणि माझ्यासाठी खोटं बोलतोस? मला तिथेच रडू फुटलं. साहेब बिचारे गडबडले, पाणी मागवत बसले.

वेळ होता. तुलाही ते ठाऊक आहे. पाणी खुणेच्या बरंच खाली होतं, अर्धा तास सहज मिळाला असता. पण वर येणाऱ्या रस्त्याची कड खचत होती आणि ते अवजड धूड घेऊन तू त्यावरून चढणार होतास. दुसऱ्या कोणी मागितला असता तर मी तो अर्धा तास दिला असता. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे. माझ्या आराखड्यात काही चूक नव्हती. मी घाबरले होते, इतकंच.

सोमवारी चौकशीत मी हेच सांगणार आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधीन, पाणी तुंबलेल्या खाणी काही कमी नाहीत. माझ्यापायी खोटा जबाब देऊन तुझी नोकरी जायला नको. त्याआधी ये आणि तुझा जबाब बदल. उरलेल्या शिव्या समोर बसून घाल, सगळ्या ऐकून घेईन. माफी मात्र मागणार नाही. पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा तुला असंच वर बोलावीन.

सहीखाली हुद्दा लिहायची सवय झाली आहे. आज लिहीत नाही.

तुझी,
धाकटी