चौथा डिस्ट्रिब्युटर

३ फेब्रुवारी, सोमवार

गाडीची रीतसर चौकशी आजपासून सुरू. खात्यात चौकशी अधिकारी होतो, भल्याभल्यांची बोबडी वळवलीय. एका डब्याची काय मजल?

डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. इंजिनाच्या प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटतो. वाटायचा. जुना गेला म्हणून नवा बसवला, तो काल भर चौकात मेला. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांत आमच्या घरासमोरचा दातांचा डॉक्टर होता. हसत होता. याची स्वतःची गाडी शिवणयंत्रासारखी टिकटिकते, आणि हा हसतो!

माझी गाडी शर्यतीत धावलेली आहे. जुनी असेल, पण घराणं मोठं. लेक पहिलीत असताना तिला शब्द दिलाय, पहिल्या नोकरीच्या गावाला याच गाडीतून, मी स्वतः चालवत सोडीन. आता नोकरी लागलीय. बावीसला सकाळी निघायचं. वेळ भरपूर आहे.

५ फेब्रुवारी

पहिला आरोपी : दुकानदार. मेलेला डबा त्याच्या काउंटरवर आपटला. आत फिरणाऱ्या रोटरला जळून बारीक भोक पडलंय. नकली माल खपवतोस का, म्हणून विचारलं. तर हाच मला विचारतो की डब्याला वीज पुरवणारं कॉइल कुठलं लावलंय. मालाचं बोला तर गिऱ्हाइकाचीच उलटतपासणी! सांगितलं ठणकावून : शर्यतीचं आहे, दुप्पट ताकदीचं, मी स्वतः बसवलंय. त्याने बिल फाडलं. तिसरा डबा घेऊन आलो.

७ फेब्रुवारी

तिसरा बसवला. एका चावीत इंजिन सुरू! लेकीला बसवून गेटपर्यंत नेऊन आणलं. ती टाळ्या पिटत होती. बायकोने विचारलं की गेटच्या बाहेर कधी जाणार. काही माणसांना दुसऱ्याचं सुख बघवत नाही.

११ फेब्रुवारी. सकाळी

बाजारापर्यंत जाऊन येतो. डॉक्टरच्या दारावरून मुद्दाम हळू नेणार.

त्याच दिवशी, दुपारी

डॉक्टरच्या दारातच बंद पडली. त्याने ढकलायला हात लावला. नको म्हटलं तरी लावला. वर दात चांगले आहेत ना, असंही विचारलं.

उघडून पाहिलं. पुन्हा तसंच भोक, झाकणाला आतून काळी रेघ.

१३ फेब्रुवारी

दुसरी आरोपी : बायको. पोर्चमधल्या कुंड्यांना पाणी घालते, ओल गाडीत शिरते. जबाब घ्यायला बसलो तर तिने माझाच घेतला. म्हणे तुम्ही ते नवं कॉइल बसवलंत तेव्हापासून हे सुरू झालंय, जुनं फळीवर पडलंय, एकदा लावून तर बघा.

गेली इतकी वर्षं संसार करून हे ऐकायचं! कॉइलवर संशय म्हणजे माझ्यावर संशय. चौकशी अधिकाऱ्याची चौकशी होत नसते. कुंड्या गच्चीवर हलवल्या. एक फुटली, त्याला इलाज नाही.

१६ फेब्रुवारी

तिसरा आरोपी आपणहून घरी आला : मेहुणा. चहा पीत बहिणीला म्हणाला की त्याची गाडी रिकामीच आहे, बावीसला तो पोचवेल भाचीला. मग माझ्याकडे वळून, दाजी, तुम्ही मागे आरामात बसा, म्हणाला. मागे! सामानाबरोबर! याच्या पोटात माझी गाडी पहिल्यापासून दुखते. मागच्या महिन्यात बॉनेटवर हात टेकून उभा होता, ते मी विसरलो नाही.

लेकीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, बाबा, कुठल्याही गाडीने जाऊ, पण तुम्ही बरोबर या. पोर हळवी आहे. तिला सांगितलं, मी येणार आणि चालवतच येणार. मेहुण्याच्या गाडीत पाऊल ठेवणार नाही.

१९ फेब्रुवारी

शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात चौथा डबा मिळतोय, अस्सल. माल शनिवारी सकाळी येतो, असं तिथला दुकानदार म्हणाला. शनिवारी बावीस. अगदी वेळेवर. मी हे असंच ठरवलं होतं.

बायकोने आज पुन्हा कॉइलचं काढलं. मी तीन दिवस अबोला जाहीर केला. तिला बरंच वाटलेलं दिसतंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी, दुकानाबाहेर

शटर अजून उघडलेलं नाही. अकरापर्यंत घरी, साडेअकराला डबा बसवून गाडी सुरू, बाराला प्रस्थान. मेहुणा घरी येऊन बसलाय, त्याला गेटवरून टाटा करायला लावीन.

बायकोचा फोन. कापला. तिचा अबोला संपला असेल, माझा नाही. मेहुण्याचा फोन. कापला. आता लेकीचा. ही त्या दोघांचीच युक्ती. मेहुण्याच्या गाडीसाठी माझं मन वळवायला पोरीला पुढे केलंय. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. आता बंदच करून ठेवतो.

शटर उघडलं.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळी

शटर उघडलं तरी डबा दुकानात यायला तीन वाजले. घरी पोचलो तर पोर्च रिकामा होता. मेहुण्याची गाडी गेटबाहेर उभी, माझी जागेवर नाही. आधी चोरी वाटली. पोलिसांना लावायला म्हणून फोन सुरू केला, तर लेकीचा मेसेज.

सकाळी तिनेच हट्ट धरला म्हणे. मामाने फळीवरचं जुनं कॉइल लावलं, जळलेल्या डब्याच्या जागी आमचा सगळ्यात पहिला, जुना डबा पुसून बसवला; तो गेलाच नव्हता, नुसता काजळला होता. पहिल्या चावीत सुरू झाली. मग तिघंही मला फोन करत बसले. दुकानावरून मला घेऊन पुढे जायचं, तिथून मी चालवायचं, असं ठरलं होतं. दुकान कुठलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कार्यालयात चारच्या आत हजर व्हायचं होतं, म्हणून एकपर्यंत थांबून निघाले. लेकीने चालवली.

फोन लावला. पोचले होते. कशी पळाली, विचारलं. लेकीने फोन इंजिनाजवळ धरला. आवाज एकसारखा, कुठे अडखळ नाही. मी म्हणालो, उभ्या गाडीचं आयडलिंग जरा चढं वाटतंय.

मग तिने विचारलं, बाबा, इतके फोन केले, उचलले का नाहीत?

रेंज नव्हती, म्हणून सांगितलं. बरं म्हणाली, पुढच्या वेळी या. पहिल्या नोकरीला पुढची वेळ नसते. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.