चार पावलं अलीकडे

१२ जानेवारी

वस्ताद,

इतकी वर्षं गप्प राहिलो, त्याची आधी माफी मागतो. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, पण त्याआधीची पाचही यात धरायला हवीत. पाय मोडल्यावर तुम्ही घरात पडून होतात आणि मी दर महिन्याला मुरबाडला येऊन तुमची आणि काकींची चौकशी करत होतो. जे बोलायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बोलत होतो. आता सांगून तुमचं काही भलं होणार नाही, हे मला कळतं. माझं होईल म्हणून लिहितोय का, ते अजून ठरवता आलेलं नाही.

नव्याण्णव साली मी शहापूरहून दर शनिवारी तुमच्या गॅरेजवर यायचो. नवशिक्यांच्या गटात दोन शर्यती जिंकून मी वरच्या गटात गेलो होतो, आणि तिथे शेवटून दुसरा येत होतो. भात कापून झालं की किन्हवलीच्या अलीकडच्या तुमच्या शेतात आपण ट्रॅक आखायचो. सायलेन्सर कापलेली, मागे जाड नक्षीचा टायर चढवलेली ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल तुम्हीच माझ्यासाठी उभी केली होती. मी सीटवर टेकलो की तुम्ही बांधावरून ओरडायचात, "पंगतीला बसलास काय रे? ऊठ!" फूटरेस्टवर उभा राहा, गुडघ्यांनी टाकी आवळ, कोपरं उघडी ठेव, नजर चाकापुढे नको, पुढच्या वळणावर ठेव. दोन आठवडे तुम्ही मागचा ब्रेक काढून ठेवलात, पुढचा वापरायला शिकावं म्हणून. वळणं सुधारली. मी ती अजून झोपेतसुद्धा घेतो.

सुधारेना ती एकच जागा. दोन बांधांवर माती चढवून तुम्ही उंचवटे केले होते, मध्ये एक अरुंद खाचर. पहिल्यावरून उडून दुसऱ्याच्या पलीकडे उतरायचं. पहिल्या बांधाआधी तुम्ही फक्कीची रेघ ओढली होती, कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती पांढरी फक्की. रेघेपर्यंत थ्रॉटल पूर्ण उघडा, तिथे पोचल्यावरच कमी करायचा. मी भीतीनं आधीच सोडायचो. तुम्ही लांब आंब्याखाली बसून नुसत्या आवाजावरून ओळखायचात. म्हणायचात, नवशिक्याला भय ठाऊक नसतं, जुन्याला ते वापरता येतं, तू मधीच लटकलास. मग त्या शनिवारी म्हणालात, आज रेघेपर्यंत आवाज टिकला नाही तर पुढच्या शर्यतीला तुझं नाव देणार नाही.

तुम्ही पेट्रोलचा कॅन आणायला रस्त्यावर गेलात तेव्हा मी जुनी रेघ पायानं मातीत मिसळली आणि अलीकडे दुसरी ओढली. चार पावलं अलीकडे. चार म्हणतो, पाचही असतील. कापलेल्या शेतात सगळीकडे सारखीच धसकटं, अंदाज घ्यायला त्या रेघेखेरीज काही नव्हतं.

पुढच्या फेरीला आवाज बरोबर रेघेवर पडला. तुम्ही हात वर केलात. पण गाडी पूर्ण उडेना, मागचं चाक दर वेळी दुसऱ्या बांधाला आपटायचं. मी काही केलं असेल अशी शंका तुम्हाला आलीच नाही. तुम्ही गाडी आडवी घालून कार्बोरेटर उघडलात, जेट फुंकलात, प्लग बदललात. तरी तेच. मग तुम्ही माझं हेल्मेट मागितलंत.

"गाडी बरोबर हाय. म्हंजे माझीच रेघ चुकली. बघून येतो."

तीन वर्षांत तुम्ही उडी मारली नव्हती. पट्टा बांधलात, किक मारलीत आणि आधी एक पूर्ण फेरी सावकाश घेतलीत. तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी हात दाखवला असता तर तुम्ही थांबला असतात. एक विचार असा आला की ह्यांना कळेलच, हे आपसूक जास्त थ्रॉटल देतील. दुसरा असा की आता सांगितलं तर नाव जाईल. यातला पहिला कुठला, हे मी डायरीत अनेकदा लिहून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर मला सोयीचं निघालं आहे.

तुम्ही नेमक्या रेघेवर थ्रॉटल सोडलात. तुम्ही माझ्याहून जड, गाडी आणखी कमी उडाली आणि पुढचं चाक सरळ दुसऱ्या बांधात शिरलं. तुमच्याकडे धावताना वाटेत ती रेघ लागली. मी थांबलो नाही. पण पाय घासत तिच्यावरून गेलो.

कल्याणला नेताना जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही म्हणालात, "नजर गेली रे माझी. तू बरोबर मारत व्हतास." आणि हॉस्पिटलातून निरोप पाठवून माझं नाव दिलंत. मी त्या शर्यतीला उतरलो, हेही लिहून ठेवतो. तुमचा पाय दोन बोटं आखूड राहिला. उकिडवं बसता येईना, आणि उकिडवं बसता न येणाऱ्या माणसाकडे गाडी कोण देणार. गॅरेज बंद झालं.

काल मुरबाडच्या एसटी स्टँडवर काकी भेटल्या. शेजारच्या बाईला माझी ओळख करून देताना तुमचा विषय निघाला. म्हणाल्या, "उतारवयात ह्यांना उड्या मारायची हौस, गो. आमची भाकर त्या हौसेनं घालवली. मरंपर्यंत बोलले मी ह्यांना, आन् हे एक शबुद उलट बोलले नाय." मग माझ्याकडे वळल्या. "तू होतास ना रे तिथं? खोटं बोलते का मी?"

मी मान हलवली. नाही काकी, असंही म्हणालो.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तर मी लिहिलं नसतं, हे खरं आहे. ज्यांना सांगायचं त्यांचा पत्ता मला तोंडपाठ आहे. तिथे गेलो की काकी आधी पान वाढतात, आणि जेवल्यावर माझं तोंड उघडत नाही.

उद्या: काकींकडे जाणे. जेवायच्या आधी सांगणे.