आठ श्रोते

फार्गो, ८ जानेवारी

चि. कोरीन हिस व्हर्नाआत्याचे अ. आ. (निम्मे रागाचे समजावेत.)

तुझ्या आईचा फोन आला. तू म्हणे दोन वर्षांची पदवी एका विषयापायी सोडतेस. हत्ती गेला आणि शेपटाशी येऊन बसलीस! इतिहास झाला, जीवशास्त्रासाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बेडूक फाडलास, बीजगणितात तर न रडता पास झालेली आपल्या घराण्यातली तू पहिलीच. आणि अडलीस कुठे, तर भाषणकलेत. त्याऐवजी साहित्याचा आणखी एक विषय चालेल का, असं कॉलेजला विचारलंस म्हणे. नाही म्हणणाऱ्या बाईंचं मी अभिनंदन करते. पदवीचे विषय म्हणजे जेवणाचं ताट नव्हे, की नावडतं ते बाजूला सारलं.

तुमच्या मुख्य ग्रंथपाल आर्डिसबाई मेअखेर निवृत्त होतात. पदवीशिवाय वाचनालयाची मुख्य जागा तुला मिळणार नाही, हे मंडळाने स्वच्छ सांगितलंय. म्हणजे इतकी वर्षं पुस्तकं लावायची तू आणि खुर्चीत बसायचं राजधानीतून, बिस्मार्कहून, आलेल्या कोणीतरी. पुस्तकावर रस्सा सांडून आणणाऱ्या धिप्पाड शेतकऱ्यांना झापतेस, मग सात मिनिटं बोलताना कसली दातखीळ बसते? उद्याच नाव घाल.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

व्हर्नाआत्या

एल्बो क्रीक, ८ मार्च

ती. आत्यास कोरीनचा सा. न. (जरा जास्तच वाकून) वि. वि.

नाव घातल्याचं कळवलं होतंच. पुढचं ऐक. घरबसल्या शिकायचं म्हणून वाटलं होतं, भिंतीसमोर बोलून भागेल. छे! मोठ्या भाषणाचं चित्रण करून शिक्षकांना पाठवायचं, समोर किमान आठ प्रौढ माणसं हवीत, सुरुवातीला आणि शेवटी कॅमेरा त्यांच्यावरून फिरवायचा, मधे कुठे तोडायचं नाही. आमच्या गावात आठ माणसं एकत्र बसतात ती मयताला. रॉइस म्हणाला, सोमवारी सरावाला अग्निशमन दलातले आम्ही सगळे असतोच, तिथेच बोल. नवऱ्याचं सगळंच ऐकू नये, हे तू मला लग्नात सांगितलं होतंस.

तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांच्या कमरेचे पेजर एकदम किंचाळले. एंगेब्रेटसनांची गवताची गंजी पेटली होती. बघता बघता हॉल रिकामा. रॉइसने तर जाता जाता लिंबाच्या वड्यांचा ट्रेही उचलला. उरल्या त्या माझं भाषण ऐकायला आलेल्या आर्डिसबाई, आणि त्या गाढ झोपलेल्या.

शिक्षक फ्लोरिडाचे. एका झोपलेल्या श्रोत्यावर गुण देता येत नाहीत, असं त्यांनी कळवलंय. महिनाअखेर नवं भाषण गेलं नाही तर नापास. आत्या, 'वाचनाचे फायदे' पुन्हा सांगायचं माझ्यात बळ नाही. राहू दे ना ती पदवी.

तुझी माया आटू देऊ नकोस.

कोरीन

फार्गो, १३ मार्च

चि. कोरीन हिस आशीर्वाद, आणि सोबत कानउघाडणी.

आग विझवणाऱ्यांपुढे भाषण करायला गेलीस, ही चूक तुझी. गंजीला बोल लावू नकोस.

जी उठणार नाहीत अशी माणसं धर. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर बुधवारी तुमच्या चर्चच्या तळघरात सूपचं जेवण असतं ना? आपला ल्युथेरन पंथाचा माणूस प्रार्थनेआधी चमचा उचलत नाही आणि कॉफी प्यायल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. पाद्रीबाईंना सांग, प्रार्थना तुझ्या भाषणानंतर.

आणि तो विषय टाकून दे. नुसतं नाव वाचून मलाच जांभई आली, आर्डिसबाईंचं काय चुकलं? भाषण पटवून देण्याचं आहे ना? मग जे होत नाही म्हणून तुझा जीव जळतो, ते बोल.

काळजी वाटते म्हणून बोलते. एरवी टपालाचं तिकीट कशाला वाया घालवीन?

व्हर्नाआत्या

एल्बो क्रीक, २ एप्रिल

ती. आत्यास सा. न., आज ताठ मानेने.

पाद्रीबाईंनी प्रार्थना रोखून धरली. वाटाण्याच्या सूपचा वास सुटलेला, तळघरभर माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि पहिल्याच टेबलाशी वाचनालय मंडळाचे अध्यक्ष लोवेल स्कार! पळावंसं वाटलं, पण दारात रॉइस उभा होता.

मी म्हटलं, रविवारी वाचनालय उघडं ठेवा. हिवाळ्यातल्या रविवारी आपल्या गावात दिवा लागतो तो फक्त बारचा. बायको गेलेली माणसं पिकअपचं इंजिन चालू ठेवून वाचनालयाच्या बंद दारासमोर बसून राहतात, ती मला घराच्या खिडकीतून दिसतात. नाव कोणाचं घेतलं नाही, पण दोघे जण मांडीवरच्या टोप्या फिरवायला लागले.

संपलं. टाळी नाही, हुंकार नाही. मागून कोणीतरी एवढंच म्हणालं की अगदीच वाईट नव्हतं. 'श्रोत्यांवरचा परिणाम' याला शिक्षकांनी दहापैकी दोन गुण दिले. फ्लोरिडाच्या माणसाला कसं सांगायचं, की 'अगदीच वाईट नव्हतं' याहून मोठी पावती आमच्याकडे मेल्यावरच मिळते!

नियमाप्रमाणे शेवटी मी कॅमेरा फिरवत होते, तेवढ्यात स्कार घसा खाकरून म्हणाले, की रविवारी उघडायचं तर किल्ली कोणाकडे राहणार. मी म्हटलं, माझ्याकडे. आवाज इतका खणखणीत निघाला की मीच दचकले. ते म्हणाले, ठीक आहे, मग प्रार्थना करू या, सूप गार होतंय.

आज निकाल आला. पास! शिक्षकांनी खाली लिहिलंय की सगळ्यांत पटलं ते तुमचं शेवटचं वाक्य, 'माझ्याकडे'.

पदवीदान मेमध्ये. नक्की ये, आणि टाळ्या वाजव. इथलं कोणी वाजवणार नाही.

तुझ्या रागालोभाची,
कोरीन